हिलोचा आठवडा

हिलो हे हवाईतल्या सर्वांत मोठ्या बेटावरचं पावसाचं गाव. तिथे खाडीजवळच्या रस्त्याकडेला एक घड्याळ उभं आहे. त्याचे काटे एक वाजून चार मिनिटांवर थांबलेले आहेत. २२ मे १९६० रोजी चिलीच्या किनाऱ्यावर भूकंप झाला, आजवर मोजल्या गेलेल्या भूकंपांतला सर्वांत मोठा. त्याची लाट पॅसिफिक ओलांडून साधारण पंधरा तासांनी, २३ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर, हिलोत शिरली. ६१ माणसं गेली. खाडीलगतची वस्ती धुऊन निघाली. घड्याळ आठवण म्हणून तसंच ठेवलं आहे.

मेरी मोनार्क महोत्सवाबद्दल कुणाला सांगायला बसले की मी या लाटेपासून सुरुवात करते. ऐकणाऱ्याला वाटतं, हवाईचं पारंपरिक संगीत आणि हुला, म्हणजे तिथला नाच, जपणारा एवढा मोठा महोत्सव म्हणजे त्यामागे कुणा थोर माणसाचा ध्यास असणार. ध्यास पुढे आला. सुरुवात झाली ती गाव सावरायच्या गरजेतून. लाटेने हिलो खचलं होतं, उसाचे मळे आणि साखर कारखाने उतरणीला लागले होते, आणि पर्यटक होनोलुलूहून इकडे फिरकत नव्हते. १९६३ मध्ये तिथल्या काउंटीच्या प्रमुख होत्या हेलेन हेल. माउई बेटावर लाहाइना गावात देवमासे मारणाऱ्या खलाशांच्या जमान्याची आठवण म्हणून एक जत्रा भरायची. ती बघून यायला त्यांनी आपली दोन माणसं धाडली. त्यातले एक होते हुला शिकवणारे जॉर्ज नाओपे. दोघे परत आले आणि म्हणाले, आपण आपल्या कालाकाऊआ राजाच्या नावाने काहीतरी करू. १९६४ मध्ये पहिला महोत्सव झाला. त्यात राजासारखी दाढी कुणाची, अशीही एक स्पर्धा होती.

चार वर्षांत उत्साह ओसरला आणि महोत्सव बंद पडायची वेळ आली. कुणी पुढाकार घेईना. तेव्हा डॉटी थॉम्पसन यांनी तो हाती घेतला, आणि नाओपे यांच्या साथीने त्याचा रोख बदलला. दाढी वगैरे गेलं. हुला, आणि हुलामागचं गाणं, मधोमध आलं. १९७१ मध्ये स्पर्धा सुरू झाली, तीही आधी फक्त बायकांच्या चमूंची. १९७६ पासून पुरुषांचे चमूही उतरू लागले. नाच ही बायकांनी पर्यटकांपुढे करायची गोष्ट, असा समज तोवर हवाईतसुद्धा मुरला होता. तो या मंचावर मोडला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी संगीताबद्दल बोलायचं म्हणून नाचाबद्दलच बोलते आहे असं वाटेल. हुला शब्दांवर होतो. ‘मेले’, म्हणजे गाणं किंवा पठण, हे आधी. हात, पावलं, नजर सगळं त्या मेलेमागून जातं. शब्द नसतील तर हुला नाही. त्यामुळे हिलोतला हा आठवडा मी तरी गाण्याचाच उत्सव म्हणून बघते.

ईस्टरच्या रविवारी तो सुरू होतो. बुधवारी रात्री ‘होइके’, म्हणजे सगळ्यांसाठी मोफत कार्यक्रम. गुरुवारी एकट्या नर्तिकांची स्पर्धा, शुक्रवारी ‘काहिको’, म्हणजे जुना हुला, शनिवारी ‘आउआना’, म्हणजे गिटार, उकुलेले, बास यांच्या साथीचा नंतरचा हुला. शनिवारी सकाळी गावातून मिरवणूक निघते. स्पर्धा होते त्या स्टेडियमला एडिथ कानाकाओले यांचं नाव आहे. त्या पठण करणाऱ्या, गाणी रचणाऱ्या, शिकवणाऱ्या हिलोच्याच बाई. हवाईची संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ. तिथे गुरुवारी संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात शुक्रवारचे साडेनऊ झालेले असतात. थेट प्रक्षेपण लावून, चहा बाजूला ठेवून मी बसते. घरातल्यांना आता त्याची सवय झाली आहे.

शुक्रवारची रात्र मला सर्वांत आवडते. मंच मोठा, मागे साथीदारांचा ताफा नाही. कडेला कुमु हुला, म्हणजे गुरू, मांडी घालून बसलेले. पुढ्यात ‘इपू हेके’. एकावर एक जोडलेले दोन भोपळे, खालचा मोठा, वरचा लहान आणि तोंड उघडं. मी मिरजेची. सतारीसाठी वाळवत ठेवलेले भोपळे बघत लहानाची मोठी झाले, त्यामुळे पहिल्यांदा इपू पाहिला तेव्हा माझं सगळं लक्ष त्याच्या सालीकडे आणि सांध्याकडेच होतं. गुरू तो उचलतात आणि समोरच्या जाड आसनावर आपटतात. खोल, पोटातून आल्यासारखा ‘ऊ’ उमटतो. मग बोटांनी भोपळ्याच्या कुशीवर थाप, तो ‘ते’. हे त्यांचेच बोल. या दोन बोलांवर सगळा ठेका चालतो. त्यावर गुरूंचं पठण सुरू होतं, दोन-तीन स्वरांच्या अवकाशात फिरणारं. शेवटच्या अक्षरावर कंप धरून ते आवाज सोडतात, आणि वीस-तीस पावलं एकाच क्षणी जमिनीवर पडतात. काही मेलेंना ‘पाहू’ लागतो, नारळाच्या खोडातून कोरलेला आणि शार्कच्या कातड्याने मढवलेला नगारा. त्याचा आवाज आला की प्रेक्षागृह गप्प होतं, हे पडद्यावरूनही कळतं.

हे सगळं हरवायला किती थोडं उरलं होतं, ते माहीत असलं की ही रात्र वेगळी दिसते. १८२० मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले. १८३० मध्ये काआहुमानू राणीने, ती तोवर ख्रिस्ती झाली होती, जाहीर हुलावर बंदी घातली. पुढे बंदी सैलावली, पण परवाना आणि फी आली. हुला खेड्यापाड्यांत, घराच्या मागच्या अंगणात गेला. तो परत राजवाड्यासमोर आणला तो कालाकाऊआ राजाने. १८८३ मध्ये राज्याभिषेकाच्या सोहळ्यात त्याने दिवसचे दिवस हुला करवला. आणलेल्या मेलेंची यादी कार्यक्रमपत्रिकेत छापली, म्हणून पत्रिका छापणाऱ्या मुद्रकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. लोक राजाला ‘मेरी मोनार्क’ म्हणत, आनंदी राजा. महोत्सवाचं नाव त्याचंच.

हाच राजा १८८१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला होता, गादीवर असताना पृथ्वीला फेरी घालणारा पहिला राजा. जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश करत तो कलकत्त्याला उतरला, तिथून आगगाडीने मुंबईला आला आणि मुंबईहून बोटीने इजिप्तला गेला. मुंबईतल्या त्या उन्हाळ्यात त्याच्या कानावर काय पडलं असेल, हा विचार मला फार गोड वाटतो. तो आणि त्याची तीन भावंडं, लिलिउओकलानी, लिकेलिके, लेलेइओहोकू, चौघंही गाणी रचायची. प्रत्येकाचं स्वतःचं गायनमंडळ होतं, आणि त्या मंडळांत चढाओढ चालायची. राजघराण्यातली भावंडं गाण्यावरून ईर्ष्येला पेटली आहेत, असं चित्र इतिहासात फारसं सापडत नाही.

१७ जानेवारी १८९३ ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं. अमेरिकन व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी, अमेरिकी नौदलाचे सैनिक किनाऱ्यावर उभे असताना. राणीच्या बँडमधल्या वादकांना नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. बहुतेकांनी नकार दिला. नोकरी गेली तर दगड खावे लागतील, असं त्यांना सुनावण्यात आलं. ते वादक एलन प्रेंडरगास्ट या बाईंकडे गेले आणि म्हणाले, आमचं हे गाणं करून द्या. त्यांनी केलं, ‘काउलाना ना पुआ’. आम्हाला सरकारचा पैसा नको, आम्हाला दगड पुरेत, असं त्यात आहे. चाल मात्र अशी खेळती, की भाषा न कळणाऱ्या पाहुण्यांनी ते पुढे कित्येक वर्षं आनंदाचं गाणं म्हणून ऐकलं. जाणती माणसं त्यावर नाचत नसत.

१८९६ मध्ये कायदा झाला की शाळेत शिकवायचं ते इंग्रजीतूनच. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत भाषा घराघरांतून गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईयन बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही उरली नव्हती. पर्यटकांसाठी हॉटेलांत गाणं रोज चाललं होतं. १९३५ पासून वाइकिकीच्या समुद्रकाठच्या हॉटेलातून ‘हवाई कॉल्स’ हा रेडिओ कार्यक्रम जगभर जात होता. म्हणजे हवाईचं म्हणून एक संगीत सगळीकडे ऐकू येत होतं, आणि ज्या भाषेतून ते उगवलं ती मात्र आज्या-आजोबांबरोबर स्मशानात जात होती.

मग सत्तरचं दशक आलं. ‘होकुलेआ’ हे जुन्या पद्धतीचं गलबत १९७६ मध्ये होकायंत्राविना ताहितीला जाऊन पोचलं. तरुण पोरांनी गिटारी घेऊन जुनी गाणी पुन्हा म्हणायला सुरुवात केली. १९७८ मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये काउआई बेटावर फक्त हवाईयनमधून बोलणारी पहिली बालवाडी उघडली. या सगळ्यात हिलोच्या महोत्सवाचा वाटा काय, असा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवते आहे. भाषणं, ठराव, ध्वनिमुद्रणांचे संग्रह, सगळ्यांचा उपयोग झालाच. पण मला वाटतं, सर्वांत मोठं काम केलं ते एका ठरलेल्या तारखेने.

ईस्टर दर वर्षी येणार. त्या आठवड्यात हिलोच्या मंचावर उभं राहायचं असेल तर गुरूला आदल्या वर्षीच मेले निवडावं लागतं. त्याचा पाठ, अर्थ, ते कुणी, कुणासाठी, कुठल्या जागेबद्दल रचलं, हे सगळं लिहून परीक्षकांना आधी द्यावं लागतं. म्हणजे जुन्या हवाईयन वर्तमानपत्रांच्या फायली उघडाव्या लागतात, गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसावं लागतं. मेले सापडलं की चमूतल्या प्रत्येकाला त्याचा शब्दन् शब्द कळायला हवा, म्हणून भाषा शिकणं आलं. त्यात ज्या डोंगराचं किंवा पावसाचं नाव आहे तिथे जाऊन येणं आलं, कारण हिलोच्या पावसाला एक नाव आहे आणि दुसऱ्या दरीतल्या पावसाला दुसरं. नुसती ध्वनिफीत लावून भागत नाही, म्हणून गाणारे-वाजवणारे तयार करणं आलं. आणि पैसा. प्रवास, कपडे, राहणं यासाठी मंडळी रात्री जागून पदार्थ करतात आणि विकतात, गाण्याचे छोटे कार्यक्रम लावतात. मंचावरची सात मिनिटं दिसतात, पण संगीत जपलं जातं ते या मधल्या एक्कावन्न आठवड्यांत. तारीख नसती तर यातलं बरंचसं ‘पुढच्या वर्षी बघू’मध्ये गेलं असतं.

जंगलसुद्धा या तारखेला बांधलेलं आहे. गळ्यातल्या आणि डोक्यावरच्या लेईसाठी, म्हणजे माळांसाठी, पानंफुलं स्वतः जाऊन, मागून, गरजेपुरती आणायची असतात. ओहिया झाडाचं लाल लेहुआ फूल त्यात मानाचं. काही वर्षांपूर्वी ओहियाच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आणि झाडं भराभर वाळू लागली. रोग चिखलाच्या बुटांवरून, तोडलेल्या फांद्यांवरून पसरतो. तेव्हा चमूंना विनंती झाली, लेहुआ तोडू नका. अनेक गुरूंनी मानली. फुलाचं नाव गाण्यात, फूल मात्र झाडावर. गाण्यात ज्याचं नाव घ्यायचं ते जगलंही पाहिजे, हे कळणाऱ्या लोकांचा हा महोत्सव आहे.

बक्षिसाची रक्कम नावापुरती. स्टेडियम काही हजारांचं, मागणी त्याच्या कित्येक पट, आणि तिकिटं अनेक वर्षं टपालानेच मागवावी लागत. मोठ्या शहरात न्या, मोठ्या मैदानात करा, अशा सूचना आल्याच. आयोजक हिलोतून हलले नाहीत. डॉटी थॉम्पसन यांच्यानंतर त्यांच्या कन्या लुआना कावेलू यांनी तो सांभाळला. २०२० मध्ये करोनामुळे महोत्सव रद्द झाला, २०२१ मध्ये प्रेक्षकांविना चित्रित केला. रिकाम्या खुर्च्यांपुढे ते लोक तसेच नाचले आणि गायले. त्या वर्षी पडद्याकडे बघताना माझे डोळे भरून आले होते.

स्पर्धा नको असंही मानणारे तिथे आहेत. ओआहू बेटावरचा प्रिन्स लॉट हुला महोत्सव १९७८ पासून स्पर्धेविना चालतो. तिथे क्रमांक नाहीत, परीक्षक नाहीत. दोन्ही असावेत असं मला वाटतं. काही माणसांना चुरस लागते, काहींची चुरशीने घुसमट होते.

गिटारीचा महोत्सव हे याच गोष्टीचं दुसरं टोक, आणि माझ्या अधिक जिव्हाळ्याचं. हवाईत गिटार आली ती गुरांबरोबर. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने कामेहामेहा राजाला गुरं भेट दिली. ती मारायची नाहीत असा राजाने निर्बंध घातला. गुरं इतकी माजली की शेतं तुडवू लागली. १८३० च्या दशकात त्यांना आवरायला मेक्सिकन कॅलिफोर्नियातून घोडेस्वार गुराखी आणले. ते रात्री शेकोटीजवळ गिटार वाजवत. काही परत गेले, गिटारी मागे राहिल्या. हवाईच्या गुराख्यांनी, म्हणजे पानिओलोंनी, त्या आपल्या गाण्याला जुळवून घेतल्या. तारा ढिल्या केल्या. या शैलीचं नाव ‘की होआलू’, इंग्रजीत ‘स्लॅक की’.

माझ्याकडच्या साध्या गिटारीवर हे करून बघता येतं. पहिली तार ‘ई’वरून ‘डी’वर उतरवायची, पाचवी ‘ए’वरून ‘जी’वर, सहावी ‘ई’वरून ‘डी’वर. बाकी तीन तशाच. खुंटी पिळताना तार सैल होते, आवाज आधी लोळागोळा, मग हळूहळू बसतो. सहाही तारांवरून अंगठा फिरवला की डाव्या हाताने काहीही न दाबता एक भरलेला सूर ऐकू येतो. आता अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि उरलेली बोटं वर चाल वाजवतात. एकटा माणूस ओट्यावर बसून दोघांचं काम करतो. ही ‘टॅरो पॅच’ जुळणी, सर्वांत सर्रास वापरली जाणारी. अशा पुष्कळ आहेत, आणि कितीतरी घरांत त्या गुपित असत. पाहुणा आला की वादक गिटारीची पाठ त्याच्याकडे करायचा, किंवा उठताना तारा विस्कटून ठेवायचा. घरातलं मूल मात्र ऐकून ऐकून उचलायचं. विचारायचं नाही, ऐकायचं.

या मौनात कितीतरी जुळण्या वादकाबरोबर गेल्या. हे मौन ज्यांनी सैल केलं त्यांत पहिलं नाव गॅबी पाहिनुई यांचं. होनोलुलू शहराच्या रस्तेदुरुस्तीच्या टोळीत ते कुदळ-फावडं चालवायचे. १९४० च्या दशकात त्यांनी ‘हिइलावे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, आणि ढिल्या तारांची गिटार तबकडीवर आली. वाइमानालोतल्या त्यांच्या घराच्या अंगणात शुक्रवारी सुरू झालेलं गाणं-वाजवणं रविवारपर्यंत चालायचं. कुणीही यावं, ऐकावं, जमलं तर वाजवावं. १९८० मध्ये ते गेले. १९८२ मध्ये मिल्टन लाऊ या वादकाने त्यांच्या स्मरणार्थ स्लॅक की गिटार महोत्सव सुरू केला. पुढे तो वेगवेगळ्या बेटांवर भरू लागला. ओआहूवर तो कापिओलानी पार्कात भरत आला आहे, आणि ते उद्यान १८७७ मध्ये कालाकाऊआनेच लोकांना खुलं केलं होतं. तिकीट नाही. चटई, शिदोरी, लेकरं घेऊन लोक गवतावर बसतात. थोर वादकापाठोपाठ एखादं शाळकरी पोर येऊन वाजवून जातं.

या मोफत असण्याला मी फार मानते. जे गुपित होतं ते उघड्या मैदानात, कुणालाही ऐकता येईल असं वाजवलं जाऊ लागलं. वादकांनी जुळण्या लिहून दिल्या, शिकवण्या सुरू केल्या. काही घरं अजूनही गप्प असतील, त्यांचा तो अधिकार आहे. पण मैदानात बसलेल्या पोराला आता पाठ बघावी लागत नाही. ग्रॅमीमध्ये हवाईयन संगीताचा वेगळा गट २००५ मध्ये आला आणि २०११ नंतर काढून टाकला गेला. मैदानातल्या चटया त्याआधीही होत्या आणि नंतरही राहिल्या.

माझ्या जिव्हाळ्याचं कारण माझा मामा. मिरजेत तो हवाईयन गिटार वाजवायचा. साध्या गिटारीच्या मानेच्या टोकाशी तारांखाली धातूची पट्टी बसवून एका सतार करणाऱ्या कारागिराने त्याला ती तयार करून दिली होती. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या बोटांत नख्या, डाव्या हातात पोलादी कांब. कांब तारेवर टेकवून सरकवली की सूर तुटत नाही, मींड जितकी लांब हवी तितकी. गणपतीत ऑर्केस्ट्रा असायचा, त्यात मामाच्या वाट्याला दोन गाणी यायची. रेडिओवर बातम्यांच्या आधी दोन मिनिटं उरली की व्हॅन शिपली किंवा सुनील गांगुली यांनी वाजवलेली सिनेमाची चाल लागायची, तेव्हा मामा बोट ओठांवर ठेवायचा. हे वाद्य हवाईचं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापुढचं मी शोधत गेले.

ही कांब सरकवायची कल्पना जोसेफ केकुकू या ओआहूवरच्या लाइए गावातल्या पोराची. १८८० च्या दशकाच्या अखेरीस, शाळकरी वयात, त्याने आधी हाती लागलेलं लोखंड तारांवर फिरवून पाहिलं आणि मग शाळेच्या कर्मशाळेत पोलादी कांब घडवली. त्याच्याही आधी भारतात जन्मलेला गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक माणूस होनोलुलूत असं वाजवायचा, अशी एक जुनी कहाणी आहे. सिद्ध झालेली नाही, पण सांगितली जाते. १९०४ मध्ये केकुकू बेटं सोडून गेला आणि अमेरिका-युरोपभर वाजवत फिरला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी लोकांना वेड लावलं, आणि हे वाद्य जगभर गेलं.

भारतात ते रुजवण्यात टाऊ मो यांचा मोठा वाटा. सामोआत जन्मलेले, लाइएत वाढलेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पत्नी रोझबरोबर एका हवाईयन ताफ्यातून ते बाहेर पडले आणि पन्नासहून अधिक वर्षं देशोदेशी गात-वाजवत राहिले. १९४० च्या दशकात त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता. तिथे त्यांनी शिकवलं. गार्नी निस हे त्यांचे शिष्य, आणि त्यांचा ‘अलोहा बॉइज’ हा ताफा रेडिओवर वाजायचा. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी या गिटारीवर राग वाजवला, विश्वमोहन भट्ट यांनी तिची मोहनवीणा केली. अमेरिकेचा राय कूडर १९७० च्या दशकात गॅबी पाहिनुई यांच्याबरोबर वाजवायला हवाईला गेला होता. पुढे तोच भट्टांबरोबर बसला आणि त्या ध्वनिमुद्रणाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाली. वाइमानालोतलं अंगण आणि जयपूरची मोहनवीणा यांच्यामध्ये एकच माणूस उभा आहे, हे कळलं त्या दिवशी मला मामाला फोन करावासा वाटला होता. तो नव्हता तेव्हा.

टाऊ आणि रोझ म्हातारपणी लाइएला परतले. गिटारवादक बॉब ब्रोझमनला त्याच्या तबकडीची मागणी करणारं एक पत्र आलं, आणि नाव वाचून त्याच्या लक्षात आलं की १९२९ च्या ज्या ध्वनिमुद्रणांवर आपण जीव टाकतो ती याच माणसाची. तो गेला, आणि दोघांनी मिळून ती जुनी गाणी पुन्हा मुद्रित केली. रोझ यांनी जवळपास साठ वर्षांनी ती त्याच पट्टीत म्हटली.

आज मूळ हवाईयन वंशाच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक माणसं हवाईत राहत नाहीत. २०२० च्या जनगणनेत हे दिसलं. घरांच्या किमती परवडत नाहीत म्हणून ती कॅलिफोर्नियात, नेवाडात, वॉशिंग्टनमध्ये गेली. पर्यटनाने ज्या बेटांना पैसा दिला त्याच बेटांवर त्यांना राहणं जड झालं, याचा राग मला येतो. तिथूनही चमू हिलोला येतात. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मुली हिलोच्या पावसाचं नाव बरोबर उच्चारून म्हणतात, आणि प्रेक्षकांतून आरोळी उठते.

आपल्याकडे हवाईयन गिटार वाजवणारी मामाच्या पिढीची माणसं अजून आहेत. कुणी कोल्हापुरात, कुणी ठाण्यात, कुणी सोलापुरात. बहुतेकांची गिटार कपाटावर आहे. त्यांना वाजवायला कुणी बोलावत नाही, कारण बोलावण्याचा दिवसच नाही. मामाचे दोन शिष्य मिरजेत आहेत, त्यांच्याशी बोलले. एकजण म्हणाले, ताई, तारा बदलाव्या लागतील, सगळ्या गंजल्यात. दुसऱ्यांनी विचारलं, कधी? शाळेच्या जुन्या हॉलशी बोलणं झालं आहे. ईस्टरनंतरचा शनिवार धरला आहे, सकाळचा, म्हणजे हिलोचं शुक्रवार रात्रीचं प्रक्षेपण आधी सगळ्यांना मिळून बघता येईल आणि मग वाजवायला बसता येईल. तिकीट नाही. येताना आपापली गिटार आणावी, आणि घरात एखादं मूल असेल तर त्यालाही आणावं. माइक दोनच आहेत, त्यामुळे पुढे बसावं लागेल.